मदत हवी आहे: आयोवात यूएसडीए कर्जात बसणारं घर कसं शोधायचं?

नमस्कार मंडळी. आम्ही डे मॉईनला भाड्याने राहतो. ग्रीन कार्ड हातात आलंय, आता घराच्या मागे लागलोय. गाठीला फारसं नाही, म्हणून यूएसडीएच्या, म्हणजे अमेरिकेच्या कृषी खात्याच्या, हमीवर मिळणाऱ्या ग्रामीण गृहकर्जाचा विचार आहे. डाउन पेमेंट शून्य, सुरुवातीला १ टक्का हमी शुल्क, मग दरवर्षी ०.३५ टक्के, एवढं गणित कळलंय.

अडतंय ते घर शोधताना. बून, विंटरसेटकडची घरं बघतोय, पण घर त्यांच्या ग्रामीण भागात बसतं का, हे प्रत्येक पत्ता यूएसडीएच्या नकाशात टाकून पाहण्यात संध्याकाळ जाते. याहून सोपी युक्ती आहे का? एजंटला विचारलं तर म्हणतो, साधं कर्ज घ्या. त्याला घाई दिसते!

या कर्जाला उत्पन्नाची मर्यादा आहे, त्यात घरातल्या सगळ्या प्रौढांची कमाई धरतात. आई आता कायमची आमच्याकडे असते, एका दुकानात अर्धवेळ काम करते. तिचा पगार मोजला जाणार, पण तिच्यामुळे आम्ही पाच जण होतो आणि पाच ते आठ माणसांची मर्यादा वरची आहे. म्हणजे फायदाच ना?

एक घर आवडलंय. स्वतःची विहीर, सेप्टिक टाकी, मागे पत्रे उडालेलं कोठार. शेतीचा धंदा चालू असेल तर कर्ज बसत नाही, पण इथे कोठारात नुसती कबुतरं आहेत. अप्रेझलमध्ये (कर्जासाठी घराची किंमत ठरवतात तेव्हा) ते पाडायला लावतात का? विहिरीच्या पाण्याची तपासणी तुमच्याकडे कोणी केली, खर्च कोणी उचलला, विकणाऱ्याने की तुम्ही?

हे कर्ज घेतलेलं कोणी असेल तर कृपया सांगा. बँक कशी निवडलीत तेही लिहा.