मॅसॅच्युसेट्स वसाहतीत बापाचं शेत कोणाला मिळायचं?

वाचनवेडी: अमेरिकेतल्या इंग्रजांच्या व्हर्जिनिया वसाहतीत मृत्युपत्र नसेल तर जमीन थोरल्या मुलाला जायची, एवढं ठाऊक आहे. मॅसॅच्युसेट्सच्या शेतकऱ्याला सहा पोरं असतील तर? आणि मागे राहिलेल्या म्हातारीचं काय?

जुनेकागद: तिथे वाटणी व्हायची. १६४१ च्या कायद्याने थोरल्याला दुप्पट वाटा. आधार बायबलमधल्या जुन्या कराराचा. सहा पोरं म्हणजे सात भाग, त्यातले दोन थोरल्याचे. तुकडे करून शेताची नासाडीच होणार असेल, तर १६९२ च्या कायद्याने न्यायाधीश सगळी जमीन थोरल्याला देऊ शकत. भावंडांचे पैसे त्याने चुकते करायचे. म्हणजे शेत मिळालं, पण डोक्यावर कर्ज घेऊनच.

खरी गंमत बाप हयात असताना. अँडोव्हर गावात पहिल्या पिढीचे बाप मुलाला जमीन कसायला देत, घरही उभं करू देत. नावावर मात्र बरेचदा मरेपर्यंत करून देत नसत. लग्न झालेला, पोराबाळांचा मुलगाही बापाच्या मुठीत! मला तर हा धूर्तपणाच वाटतो.

विधवेला जमिनीचा एक तृतीयांश, तोही हयातीपुरता. विकायचा अधिकार नाही. मला ही मृत्युपत्रं वाचायचा नाद आहे. त्यांत बारकावे काय असतात: आईला अमुक खोली, तळघरात जागा, विहिरीवर जायची वाट, एक गाय, मुलाने दाराशी आणून टाकायचं फोडलेलं सरपण. सून कशी वागेल याचा अंदाज म्हाताऱ्याला असणारच. काही जण तर ‘पुन्हा लग्न करेपर्यंत’ अशी पाचरही मारून ठेवत.

वाचनवेडी: आणि मुली?

जुनेकागद: मृत्युपत्रात त्यांच्या नावे बहुतेक गाय, अंथरूण-पांघरूण, कथलाची भांडी. लग्नात दिलेलं वाट्यातून वजा.

कोर्टकचेरी: थोडी भर. शेजारच्या कनेक्टिकट वसाहतीत मृत्युपत्र नसेल तर मुलींनाही जमिनीत वाटा होता. वेट विन्थ्रॉप १७१७ मध्ये मृत्युपत्र न करता वारले. मुलगा जॉन बहिणीला वाटा द्यायला तयार नव्हता. तो लंडनला प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे राजाच्या सल्लागार मंडळापर्यंत गेला आणि १७२८ मध्ये तो कायदाच रद्द करून घेतला. विन्थ्रॉप हे गव्हर्नरांचं घराणं, पण धसका घेतला साध्या शेतकऱ्यांनी: वाटणीत आलेल्या आणि पुढे विकलेल्या जमिनींचं आता काय? मॅसॅच्युसेट्सच्या तशाच कायद्यावर पुढे वाद गेला, तेव्हा १७३८ मध्ये त्याच कौन्सिलने तो उचलून धरला.