ॲट्राझीन खाणारे जीवाणू: मातीवर सोपवून मोकळं व्हायचं का?

निनाद_क:
उसात-मक्यात आपण मारतो ते ॲट्राझीन तणनाशक 1950च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आलं. त्याआधी हा रेणू निसर्गात नव्हताच. तरी 1990च्या दशकात मिनेसोटात, तणनाशक सांडलेल्या जागेच्या मातीत, त्यावर जगणारा स्युडोमोनास नावाचा जीवाणू सापडला. त्याचं अ‍ॅट्झ-ए हे विकर (एन्झाइम) रेणूतला क्लोरीन काढून तिथे हायड्रॉक्सिल (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) बसवतं, की तणनाशक निकामी. पुढची विकरं उरलेल्याचा अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड करतात. गंमत अशी, की मेलामाइनवर काम करणाऱ्या ट्राय-ए विकराहून हे 475पैकी फक्त 9 अमिनो आम्लांनी वेगळं आहे. चार दशकांत मातीने तोड काढली! रसायनांच्या नावाने एवढी ओरड कशाला?

शर्वरी:
तोड काढली, कारण अवजार घरातच होतं. थोडी कानस मारावी लागली, इतकंच. ट्राय-एसुद्धा ॲट्राझीनचा क्लोरीन काढतं, अगदी मंद गतीने. म्हणजे सुरुवातीला काहीतरी हाताशी होतं. पीफास (निसर्गात सहज न विघटणारी फ्लोरीनयुक्त रसायनं) यांच्यातल्या कार्बन-फ्लोरीन बंधाला असं अवजार कुठे आहे? तिथे दशकं गेली, पण प्रश्न तसाच.

आणि माती एवढी हुशार, तर युरोपीय संघाने 2004मध्ये ॲट्राझीनची परवानगी का काढली? भूजलात लिटरला 0.1 मायक्रोग्रॅम या मर्यादेच्या वर सापडत होतं म्हणून. वरच्या थरात जीवाणूंची जत्रा, खाली सामसूम. एकदा खाली झिरपलं की खाणारं कोण?

निनाद_क:
भूजलाचं मान्य. पण जीवाणूंना दरवेळी नव्याने शिकावं लागत नाही, हे तुम्ही सोडून देताय. या विकरांची जनुकं प्लाझ्मिडवर (जीवाणूतल्या डीएनएच्या छोट्या, सुट्या कड्यावर) असतात, एकाकडून दुसऱ्याकडे जातात. वेगवेगळ्या खंडांतल्या जीवाणूंत जवळजवळ तीच जनुकं मिळाली आहेत.

कोल्हापुरी_खोडवा:
तुम्ही दोघं आमच्या खर्चाचं बोलतच नाही. जीवाणू ॲट्राझीन खातात म्हणजे आमची फवारणी खातात! पूर्वी एका फवारणीत दीड महिना रान साफ राहायचं, आता तीन आठवड्यांत हिरवंगार. दुकानदार म्हणतो, डोस वाढवा. निसर्गाने कुलूप उघडलं ते आमच्याच कोठाराचं.

शर्वरी:
दादा, डोस वाढवू नका. वारंवार वापरलेल्या जमिनीत ॲट्राझीन लवकर संपतं हे खरं, पण तणच प्रतिकारक झालं असेल तरी असंच दिसतं. ॲट्राझीन ज्यात मोडतं त्या ट्रायझिन गटाला न जुमानणारं तण अमेरिकेत 1970पासून नोंदलेलं आहे. दोन कुंड्या घ्या. एकीत तुमच्या रानाची माती, दुसरीत कधीच फवारणी न झालेल्या बांधावरची. दोन्हींत सारखी फवारणी करा, तीन आठवडे थांबा, मग तुमच्याच रानातलं बी पेरा. फक्त तुमच्याच मातीत तण आलं तर जीवाणू, दोन्हींत आलं तर तण.

निनाद_क:
आणि युरिया किती टाकता? हे जीवाणू ॲट्राझीन खातात ते मुख्यतः नायट्रोजनसाठी. आयता युरिया मिळाला, तर तिकडे कमी फिरकतात.

कोल्हापुरी_खोडवा:
उसाला युरिया विचारता? तो तर हात सैल सोडूनच! मग तण प्रतिकारक झाल्याचा संशय जास्त धरू का? कुंड्या रविवारी भरतो.