मदत हवी आहे: गिटच्या पासवर्डमध्ये @, # आणि %

ऑफिसच्या गिट सर्व्हरवर फक्त एचटीटीपीएसने जाता येतं. एसएसएच बंद आहे, टोकनची सोय नाही. पासवर्डमध्ये @, # आणि % आहेत, आणि नियमामुळे साधा ठेवता येत नाही. मशीन लिनक्स, शेल बॅश.

हाताने टाइप केला की पुल नीट होतं. यूआरएलमध्ये त्या चिन्हांऐवजी त्यांचे कोड %40, %23, %25 असं लिहिलं तर टर्मिनलवर तेही चालतं. तीच ओळ क्रॉनटॅबमध्ये (ठरलेल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कमांडची यादी) मात्र अडते, कारण क्रॉन % ला नवी ओळ समजतो. \% केल्यावर ते सुटलं, पण पासवर्ड उघडाच पडून राहतो आणि ते मला अजिबात नको आहे.

म्हणून आस्कपासची, म्हणजे गिटने पासवर्ड विचारला की तो पुरवणारी, छोटी स्क्रिप्ट करतोय. लॉगिन सारखं चुकलं की अकाउंट लॉक होतं, त्यामुळे नुसतं करून बघणं परवडत नाही. स्क्रिप्टने पासवर्ड जसाच्या तसा द्यायचा, की तिथेही %40 वगैरे करावं लागतं?