मदत हवी आहे: जहाजाच्या एलएनजी पाइपला ३०४एल चालेल की ३१६एल?

मकरपुराकर: मंडळी, घाई आहे. मकरपुरा जीआयडीसीत आमचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. एलएनजीवर (द्रवरूप नैसर्गिक वायूवर) चालणाऱ्या जहाजासाठी पाइपचे स्पूल (आधीच वेल्ड करून तयार केलेले तुकडे) हवेत, अशी इन्क्वायरी आलीय. स्टेनलेसची ३०४एल ग्रेड चालेल की ३१६एलच? कोटेशन उद्या सकाळी द्यायचंय. एका शब्दात सांगा.

तिसरा_इंजिनीयर: एका शब्दात: अवघड. टाकीजवळचा पाइप की इंजिनजवळचा? प्रेशर किती? क्लास (जहाज तपासून मंजुरी देणारी संस्था) कोणती?

दांडियाबझारकर: एलएनजी म्हणजे उणे १६२ अंश. साधं एमएस (माइल्ड स्टील) त्या थंडीत काचेसारखं तडकतं. ३०४एल बिनधास्त लावा. आम्ही लिक्विड नायट्रोजनच्या लायनी त्यातच केल्यात, तक्रार नाही. फक्त पाइपला वळणाचा लूप सोडा. थंड झाल्यावर स्टेनलेस मीटरमागे अडीच-तीन मिमी आकसतं.

मांडवीचा_मित्र: गाडीला सीएनजी किट लावल्यापासून पिकअप गेलाय. जहाजाचंही तसंच होतं का?

तिसरा_इंजिनीयर: सीएनजीचा वेगळा धागा आहे हो. आणि दांडियाबझारकर, कारखान्यातली लाइन नि जहाजावरची एक नव्हे. उघड्या डेकवर खारी हवा, गंजायची भीती; मी तरी ३१६एलच घेईन.

दांडियाबझारकर: आयजीएफ कोडात (गॅसवर चालणाऱ्या जहाजांच्या आंतरराष्ट्रीय नियमांत) दोन्ही ग्रेड आहेत. पार्टीचा खर्च उगाच कशाला वाढवायचा?

हिरवा_बडोदेकर: मुळात एलएनजीचं एवढं कौतुक कशाला? गंधक जवळपास नाही, धुरातला कार्बन डायऑक्साइड २०-२५ टक्के कमी, मान्य. पण एलएनजी म्हणजे मुख्यतः मिथेन; न जळता निसटणाऱ्या मिथेनचं काय? २० वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या ८० पटींहून जास्त तापवतो. त्यापेक्षा मिथेनॉल बरं.

तिसरा_इंजिनीयर: इंजिनावर आहे ते. कमी दाबाच्या फोर-स्ट्रोकमध्ये मिथेन बराच निसटतो, ३०० बारच्या टू-स्ट्रोकमध्ये अगदी थोडा. २०२० पासून जहाजांच्या इंधनातल्या गंधकाची मर्यादा ३.५ वरून ०.५ टक्क्यावर आली, मालकांना काहीतरी करणं भागच होतं. आणि मिथेनॉलला टाकी तेलाच्या दुपटीहून मोठी लागते. तेवढा माल कमी घ्यायला कोण तयार होणार?

हिरवा_बडोदेकर: एलएनजीची टाकी काय छोटी असते? वर ते इन्सुलेशन!

मकरपुराकर: अहो, जगाचं तापमान नंतर बघू. प्रेशर ३०० बार लिहिलंय, तापमान ४५ अंश. एका पाइपात दुसरा पाइप. क्लासचं काही नाही लिहिलेलं.

तिसरा_इंजिनीयर: हे आधी नको का सांगायला! म्हणजे हा व्हेपोरायझरच्या (द्रवाचा गॅस करणाऱ्या यंत्राच्या) पुढचा, इंजिनरूममधला पाइप. इथे गॅस थंड नसतोच, वरची सगळी उणे १६२ ची चर्चा सोडून द्या. आतून गॅस जातो. दोन पाइपांमधल्या फटीत हवा खेळवायची असेल, तर ती ताशी किमान ३० वेळा बदलावी लागते आणि गळती पकडायला सेन्सर असतो. तुमचा खर्च ग्रेडपेक्षा भिंतीच्या जाडीत, वेल्डिंगमध्ये नि तपासणीत जाणार. एवढ्या दाबाला बट वेल्डची १०० टक्के रेडिओग्राफी (एक्स-रे) किंवा यूटी (अल्ट्रासोनिक तपासणी) धरा. डब्ल्यूपीएस (वेल्डिंगची लेखी पद्धत) आणि वेल्डरची परीक्षा क्लासच्या सर्वेयरसमोर. ग्रेडही मंजूर ड्रॉइंगवरच असते. त्यावर क्लासचा शिक्का नसेल तर दर देऊच नका.

दांडियाबझारकर: हे मात्र खरं. ३०० बार आहे म्हटल्यावर माझं ३०४एल मागे घेतो. रेडिओग्राफीवाला हवा असेल तर व्यनि करा.

मांडवीचा_मित्र: तो सीएनजीचा धागा सापडत नाहीये. कोणी लिंक देईल का?

मकरपुराकर: पार्टीला फोन लावतो, शिक्का आहे का विचारतो. पण सर्वेयरची फी कोण भरतं, पार्टी की आपण?