अलिबाग ते मालवण सायकलने: वाऱ्याचं गणित कसं बसवायचं?

प्रश्न: जानेवारीत आम्ही दोघं निघतोय, सामान मागच्या पॅनियरमध्ये (चाकाच्या दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या पिशव्यांत). मागे मालवणहून उत्तरेला येताना दुपारी वाऱ्याने अगदी जीव काढला होता. या वेळी दिशा बदलावी का?

उत्तर १: हो, उत्तरेकडून दक्षिणेलाच या. मी दाभोळजवळ राहतो. हिवाळ्यात पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा असतो, अगदी हलका. धक्क्यावरच्या होड्यांची निशाणं बघा: सकाळी ती समुद्राकडे फडकतात, मग थोडा वेळ लुळी पडतात आणि अकराच्या सुमारास फिरून जमिनीकडे वळतात. तो खारा वारा. आपल्याकडे तो बहुतेक वायव्येकडून येतो, म्हणजे दक्षिणेला जाताना उजव्या खांद्यामागून. उलट जाणाऱ्याच्या तोंडावर. म्हणून साडेसहाला निघा, मोठं अंतर अकराच्या आत उरका. दुपार दाभोळ-धोपावे किंवा तवसाळ-जयगड फेरीबोटीला आणि जेवणाला ठेवा. कृपा करून दिवसाला शंभर किलोमीटर धरू नका. इथे प्रत्येक खाडीनंतर घाटी चढायचीच आहे, साठ पुरे.

उत्तर २: आरे-वारेचा रस्ता मात्र सकाळीच घ्या. तिथे समुद्र उघडा, आडोसा नाही. दुपारी भरलेल्या पॅनियरला बाजूने झोत बसला आणि माझी सायकल हातभर सरकली, मागे एसटी होती. जैतापूरच्या पुलावरही हँडल घट्ट धरा.

प्रश्नकर्ता: निशाणांचं कधी लक्षातच आलं नव्हतं. अलिबागहूनच निघतो, साडेसहाला.