'धार्मिक शिक्षण' नको, 'धार्मिक शिक्षण' हवं?

गोदाकाठ : परभणीतल्या शिक्षकांच्या शिबिरासाठी एक टिपण मराठीत करतोय. त्यात 'रिलिजस इन्स्ट्रक्शन नको, रिलिजस एज्युकेशन हवं' असं वाक्य आहे. माझ्या हातून उतरलं, 'धार्मिक शिक्षण नको, धार्मिक शिक्षण हवं.' बायको हसून बेजार. संविधानाच्या अनुच्छेद 28 मध्ये 'इन्स्ट्रक्शन'ला मराठीत 'धार्मिक शिक्षण'च आहे, म्हणजे तो शब्द आधीच गेला. दुसऱ्याला काय म्हणू?

बालाघाटी : पहिलं 'धर्मोपदेश', दुसरं 'धर्मपरिचय'. अरुणा रॉय यांच्या याचिकेवर 2002 साली सर्वोच्च न्यायालयानं हाच फरक केला. सरकारी शाळेत उपासना शिकवणं निराळं, सगळ्या धर्मांची ओळख करून देणं निराळं.

खामनदी : उपदेश सप्त्यात ऐकतो आम्ही. हिंदीवाल्यांचं बरंय, 'धार्मिक शिक्षा' म्हणून मोकळे. इकडं शिक्षा म्हटलं की अंगठे धरणं आठवतं.

जुनी_पाटी : आमचे आजोबा निजामाच्या शाळेतले. मुसलमान पोरं दीनियातच्या, म्हणजे इस्लामच्या शिकवणीच्या तासाला, आपली अखलाकच्या. दीनियात म्हणजे गरिबांचा वर्ग, असं त्यांना कितीतरी दिवस वाटायचं! सांगायचं काय, 1948 च्या आधी आपल्याकडं दोन तासांना दोन शब्द होते.

बालाघाटी : अखलाक म्हणजे नीती, धर्मांची ओळख नव्हे. अन् मराठी असताना फारसी कशाला?

जुनी_पाटी : अरबी. एकवचन खुल्क. वर तुम्ही लिहिलेला 'फरक'ही तिकडचाच, परत करता का?

बालाघाटी : रुळलेला वेगळा, उकरून काढलेला वेगळा.

खामनदी : 'धर्मपरिचय' कुठल्या वर्गात रुळलाय म्हणे?

तिसरीच्या_बाई : आमच्याकडं एका आजीला वाटतं, शाळेत परिपाठ नाही, हरिपाठच होतो. "चांगलं करता माय, टाळ तेवढे आणा." मी अजून खरं सांगितलेलं नाही. मागच्या रमजानात एका लेकरानं वर्गाला रोजा समजावून सांगितला, पहाटे उठून काय खातात तेही. दुसरं म्हणालं, "म्हंजे तुमची एकादशी महिनाभर? अन् भगर नाही?" अर्धा तास तेच चाललं. टाचणवहीत काय लिहावं कळेना, शेवटी 'परिसर अभ्यास' लिहिलं.

जुनी_पाटी : पहाटेच्या खाण्याला तुमच्याकडं सहर म्हणतात की सहरी?

खामनदी : सहरी.

बालाघाटी : सहर म्हणजे पहाट. खाणं ते सहरी.

जुनी_पाटी : आता कसं अरबी चालतंय!

गोदाकाठ : अहो, टिपण उद्या सकाळी द्यायचंय.

खामनदी : सहरीच्या आधी की नंतर?