कन्याहरणाच्या कहाण्यांना क्रमांक कसा द्यायचा?

रंकाळाकाठ
नमस्कार मंडळी. राधानगरी भागातल्या कहाण्यांची सूची कोल्हापुरात करतोय. एका कहाणीत राक्षस राजाची लेक सातासमुद्रापलीकडे नेतो. ती गोड बोलून त्याचा जीव पोपटात असल्याचं काढून घेते, मग राजपुत्र पोपटाची मान मुरगळतो. रकान्यात फक्त ‘कन्याहरण’ लिहिलंय. रुक्मिणीहरणही त्यातच घालू का?

जात्यावरची ओवी
नको. आधी कथाप्रकार (अख्ख्या कहाणीचा साचा) आणि कल्पनाबंध (तिच्यातली एकेक सुटी घटना किंवा कल्पना) वेगळे करा. तुमच्या कहाणीचा प्रकार आर्ने-थॉम्पसन-उथर या लोककथाप्रकारांच्या आंतरराष्ट्रीय सूचीत ३०२, कारण राक्षसाचा जीव अंगाबाहेर आहे. पाताळातून राजकन्या सोडवल्या आणि सोबत्यांनी नायकाला खालीच ठेवून दगा दिला, तर ३०१. हरण दोन्हींत आहे, त्यामुळे नुसत्या हरणावरून प्रकार ठरत नाही.

कल्पनाबंध मात्र सगळे नोंदवा, थॉम्पसनच्या कल्पनाबंधांच्या सूचीतल्या क्रमांकांनी: आर ११.१ (राक्षसाने पळवणं), ई ७१५.१ (पक्ष्यात जीव), के ९७५.२ (त्या जिवाचं गुपित फसवून काढणं), आर १११.१ (सुटका). घाईत के ९७५.२ हमखास राहतो. तो राहिला की मुलगी नुसती पळवलेली वस्तू उरते. खरं तर राक्षस मरतो तो तिच्या हुशारीमुळे.

पंचगंगा
रुक्मिणीचं प्रकरण वेगळं आहे, ताई म्हणतात ते बरोबर. भागवताच्या दशम स्कंधात तीच कृष्णाला निरोप धाडते: लग्नाच्या आदल्या दिवशी देवीदर्शनाला नगराबाहेर येईन, तिथून ने. म्हणून आर २२५, संगनमताने पळून जाणं. ‘राक्षसविधीने वर’ हे शब्दही तिचेच. तिथे राक्षस म्हणजे विवाहाचा प्रकार, त्यामुळे ‘राक्षस’ शब्द शोधून याद्या केल्या तर घोटाळा होतो. मनुस्मृतीतल्या (३.३३) त्याच विवाहाच्या व्याख्येत मुलगी आक्रोश करत, रडत असते. नाव एकच, पण मुलीची बाजू अगदी उलट.

ग्रीक पुराणात पाताळाचा देव पर्सेफोनीला पळवतो; तिला तर सोडवायला वीर येतच नाही. तिची आई, धान्याची देवी, धान्य उगवू देत नाही, तेव्हा देवांना नमावं लागतं. डाळिंबाचा दाणा खाल्ल्यामुळे वर्षाचा तिसरा हिस्सा तिला पाताळात काढावा लागतो.

रंकाळाकाठ
मग ‘कोणी नेली, तिची मर्जी, कोणी सोडवली, परत आली का’ असे चार रकाने वाढवतो.

जात्यावरची ओवी
पाचवा रकाना क्रियापदाचा ठेवा. सांगणारी ‘न्हेली’ म्हणाली, ‘पळवली’ म्हणाली की ‘गेली’, ते जसंच्या तसं लिहा. सगळीकडे ‘हरण’ घातलंत तर मर्जीचा रकाना अंदाजाने भरावा लागेल.